‘कोयता’ आणि ‘कामगार’ : ऊसतोडीच्या प्रस्तावित कायद्याची परिभाषा

ऊसतोडणी करणाऱ्या मजुरांसाठी महाराष्ट्र राज्याने स्वतंत्र कायदा करावा, हा प्रस्ताव गेली अनेक वर्षे चर्चेत आहे. ही चर्चा बहुधा निधी, विमा व मजुरीचे दर यांभोवती फिरते. प्रस्तुत टिपणात त्याच प्रश्नाचा विचार परिभाषेच्या अंगाने करावयाचा आहे. अपघातानंतर कोणास किती रक्कम मिळावी व ती कोणी द्यावी, याचा निर्णय अखेर कायद्यातील व्याख्येवरच होतो.

विवेचनासाठी बारामती व इंदापूर हे तालुके घेतले आहेत. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथील ऊस वाढला. माळेगाव व सोमेश्वर हे बारामतीतील, तर भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी व नीरा-भीमा हे इंदापुरातील सहकारी कारखाने होत. गाळपाचा हंगाम आला की बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून टोळ्या येतात आणि कोप्यांची वस्ती उभी राहते.

या व्यवसायात माणसे मोजण्याचे एकक ‘कोयता’ हे आहे. हत्याराचे नाव ते धरणाऱ्यास लागावे, ही लक्षणा नवी नाही. येथे मात्र ती एक पाऊल पुढे गेली आहे. एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, तर नवराबायकोची जोडी. एकटा मजूर म्हणजे ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यावर दिली जाते, हिशेब कोयत्याच्या नावे मांडला जातो, आणि ते नाव बहुधा पुरुषाचे असते. उलट कायदा व्यक्तीखेरीज दुसरे एकक ओळखीत नाही.

या विसंगतीची किंमत रुपयांत मांडता येते. १९२३ च्या नुकसानभरपाई अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली. परंतु मृत्यूच्या भरपाईचे सूत्र तेच राहिले : मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. तीस वर्षे वयाचा गुणक २०७.९८ आहे. समजा, एका कोयत्याची मासिक मिळकत १६,००० रुपये आहे आणि फडात तिशीतील पत्नी दगावली. मिळकतीचा निम्मा वाटा तिचा मानला, तर भरपाई ८,३१,९२० रुपये होते. वहीत तिचे नाव नाही म्हणून तिचे वेतन सिद्धच झाले नाही, तर प्रकरण किमान रकमेवर येऊन ठेपते. २००९ च्या दुरुस्तीने ती किमान रक्कम १,२०,००० रुपये ठरविली होती. सात लाखांहून अधिक रुपयांचे हे अंतर केवळ एका सामूहिक नामाने निर्माण केले आहे.

दुसरा प्रश्न ‘मालक’ या शब्दाचा. मजुरास मुकादम आणतो, ऊस शेतकरी सभासदाचा असतो, आणि तोडीचा क्रम कारखाना लावतो. १९२३ च्या अधिनियमाने कंत्राटदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावर टाकली खरी. पण अपघात त्याच्या कामाच्या आवारात वा त्याच्या ताब्यातील जागेत घडलेला असावा, अशी अटही घातली. ऊसतोडीत हे ‘आवार’ कोणते? फड कारखान्याच्या मालकीचा नाही, आणि फडातून गाळपाच्या गव्हाणीपर्यंतचा रस्ता तर कोणाचाच नाही. अशा शब्दापाशी दावा अडण्यास पुरेशी जागा राहते.

याहून निःसंदिग्ध शब्दयोजनेचा आदर्श राज्याच्याच विधिसंग्रहात आहे. १९६९ च्या माथाडी अधिनियमात कंत्राटदारामार्फत लावलेल्या कामगाराच्या बाबतीत ‘मालक’ म्हणजे मूळ मालक, अशी सरळ व्याख्या आहे. आणि नोंदणीकृत माथाडीस भरपाईच्या कायद्यापुरता कामगार मानावे, असेही त्यात म्हटले आहे. अर्थात् हा साचा जसाच्या तसा उचलता येणार नाही. माथाडी मंडळ एका क्षेत्रापुरते असते. ऊसतोड मजुराचे गाव एका जिल्ह्यात व काम दुसऱ्या जिल्ह्यात असते. नोंदणी गावी झाली, तरी दायित्व कारखान्याशी बांधलेले असावे, हे नव्या कायद्यास स्पष्ट शब्दांत सांगावे लागेल.

येथे ‘कल्याण’ आणि ‘भरपाई’ यांतील भेदही लक्षात घ्यावा लागतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रतिटन १० रुपये द्यावेत व शासनाने तितकीच भर घालावी, अशी योजना झाली. तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु कल्याणात देणारा कर्ता असतो व घेणारा लाभार्थी; भरपाईत घेणारा हक्कदार असतो व देणारा ऋणको. पहिल्या शब्दाने दुसऱ्याची जागा घेतली, तर हक्काचे रूपांतर अनुग्रहात होते.

शेवटचा शब्द ‘उचल’. ती आगाऊ मजुरी की कर्ज? लोकव्यवहारात तिचे दोन्ही अर्थ चालतात, आणि मजूर मेल्यावर वसुलीसाठी नेमका दुसरा अर्थ पुढे केला जातो. वस्तुतः भरपाईच्या रकमेवर जप्ती वा वजावट चालत नाही, हे तत्त्व १९२३ पासूनच कायद्यात आहे. नव्या कायद्याने ‘उचल’ हा शब्द नाव घेऊन व्याख्येत आणावा व ती आगाऊ मजुरीच होय असे ठरवावे.

लोकभाषेने घडविलेले शब्द टाकून द्यावेत, असा या विवेचनाचा आशय नाही. ‘कोयता’, ‘मुकादम’, ‘उचल’ हे शब्द कायद्यात यावयासच हवेत. न आल्यास कायदा फडापर्यंत पोहोचणार नाही. मात्र कोयता म्हणजे दोन कामगार, दोन नोंदी व दोन वेतने, इतके वाक्य व्याख्येत असल्याखेरीज विधिमंडळाने तो कायदा संमत करू नये.