‘गीतारहस्या’तील आत्मस्वातंत्र्य : कर्तृत्वविचाराचे परीक्षण

मनुष्य कर्म करण्यास स्वतंत्र नसेल, तर त्याला त्या कर्माबद्दल दोषी किंवा स्तुत्य कसे मानावयाचे, हा नीतिशास्त्रातील मूलभूत प्रश्न होय. आधुनिक मराठीत या प्रश्नाचा जो शास्त्रीय विचार झाला, त्यात लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’तील ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या दहाव्या प्रकरणाचे स्थान अग्रभागी आहे. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात हा ग्रंथ लिहिला गेला व १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिवासात लिहिलेला स्वातंत्र्यविचार म्हणून त्याविषयी आदर वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्याचे मूल्यमापन युक्तिवादावरूनच केले पाहिजे.

कर्माचे संचित, प्रारब्ध व क्रियमाण हे तीन भेद परंपरेत रूढ आहेत. टिळकांना हे वर्गीकरण मान्य नाही. वेदान्तसूत्रांना अनुसरून ते प्रारब्धकार्य व अनारब्धकार्य असे दोनच भेद स्वीकारतात. हा फरक केवळ परिभाषेचा नव्हे. ज्या कर्माचे फळ सुरू झाले तेवढेच प्रारब्ध, असे म्हटले की प्रारब्ध ही मनुष्याला पुढे ढकलणारी अज्ञात शक्ती राहत नाही; सुटलेल्या बाणाप्रमाणे ते आपला वेग संपेपर्यंत चालते, इतकेच. दैववादाचा पाया येथे बराच ढिला होतो, आणि हे या प्रकरणाचे मोठेच यश होय.

स्वातंत्र्य कोठे असते, या प्रश्नाकडे वळल्यावर मात्र अडचण उभी राहते. पाश्चात्त्य पंडित ज्याला इच्छास्वातंत्र्य म्हणतात, त्याच्या जागी टिळक आत्मस्वातंत्र्याची स्थापना करतात. इच्छा ही प्रकृतीची व पूर्वकर्माची निष्पत्ती असल्याने तिला स्वतंत्र म्हणता येत नाही, हे खरेच. परंतु वेदान्ताप्रमाणे शुद्ध आत्मा अकर्ता आहे. म्हणजे जो स्वतंत्र तो करीत नाही आणि जी मन-बुद्धी-इंद्रिये करतात ती स्वतंत्र नाहीत. मग कर्माची जबाबदारी कोणाच्या माथी? कांटने स्वातंत्र्य दृश्य जगापलीकडील आत्म्यात ठेवले, तेव्हा त्याच्यापुढेही हाच पेच उभा राहिला होता.

या ठिकाणी व्याकरणाचे साहाय्य घेणे अप्रस्तुत ठरू नये. पाणिनीने कर्त्याची व्याख्या स्वतंत्रता या एकाच लक्षणाने केली आहे. पण ती स्वतंत्रता विश्वातील कार्यकारणापासूनची मुक्तता नव्हे. त्या क्रियेपुरते इतर कारकांच्या तुलनेत जे प्रधान, ते स्वतंत्र. मराठीचा व्यवहारही असाच आहे. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी असलेल्या मांजरीसारख्या गावात उसाला पाणी देताना पाटाचा बांध गेला, तर शेतकरी तीन प्रकारे बोलू शकतो : ‘बांध फुटला’, ‘माझ्या हातून बांध फुटला’ आणि ‘मी बांध फोडला’. पहिल्या वाक्यात कर्तृत्वाचा उल्लेखच नाही. दुसऱ्यात संबंध कबूल आहे, हेतू नाही. तिसऱ्यात दोन्ही आहेत. शेजाऱ्याची भरपाईची मागणी दुसऱ्या वाक्यालाही लागू पडते, परंतु रोष तिसऱ्यासाठी राखलेला असतो. जबाबदारीला पायऱ्या असतात, हे भाषेने शास्त्राच्या आधीच ओळखले आहे.

भाषेचा हा विवेक फसवाही होऊ शकतो, हे विसरता कामा नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण बांधणारे, तपासणारे व इशारा देणारे यांच्या कर्तव्याचा प्रश्न त्या वाक्यात मावत नाही. ‘फुटले’ म्हणून थांबणे आणि ‘प्रारब्ध’ म्हणून थांबणे यांत तत्त्वतः भेद नाही.

टिळकांच्या सिद्धान्तातील उणीव भरून काढण्याची सामग्री त्यांच्या परंपरेतच आहे. वेदान्तसूत्रांतील सुताराचा दृष्टान्त पाहावा : सुतार कुशल असला तरी हत्यारांवाचून त्याचे काम होत नाही. येथे कर्ता म्हणजे हत्यारांसहित सुतार, निव्वळ कौशल्य नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायातही अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा व दैव अशी कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत दैवाला स्थान आहे. पण ते पाचांतील एक, आणि तेही शेवटचे. दहाव्या प्रकरणाची उभारणी शुद्ध आत्म्याऐवजी या देहधारी, साधनयुक्त कर्त्यावर झाली असती, तर टिळकांना अभिप्रेत असलेला कर्मयोग अधिक दृढ झाला असता. कारण कर्मयोगाचा उपदेश अर्जुनाला आहे. धनुष्य हाती घेणारा आणि ते खाली ठेवू शकणारा तोच आहे, आणि जबाबदारीही त्याचीच.