एकाच होडीतून उतरलेली दोन पुस्तके

मराठी प्रवासवर्णनाला माणसांची ओढ फार. कोल्हापूरपुरते बोलायचे तर आपल्या संस्थानचे तरुण अधिपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासास गेले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे निवर्तले. तेथील कास्चिने उद्यानात त्यांची छत्री आजही उभी आहे. त्यांची इंग्रजी रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी १८७२ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केली. विशीतल्या या प्रवाशाचे लक्ष कोणास भेटलो, काय पाहिले, कोणत्या समारंभास गेलो याकडे होते. पंडिता रमाबाईंच्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) या ग्रंथाच्या आरंभी ऐन थंडीतला अटलांटिक महासागर आहे. परंतु बाईंची दृष्टी लवकरच शाळा, धर्मादाय संस्था आणि स्त्रियांची चळवळ यांकडे वळते, आणि ज्यांची भूमी हिरावली गेली त्या मूळ रहिवाशांचीही दखल घेते. हा वारसा मोलाचा आहे.

अडचण होते ती शहर संपते तेथे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे गेलेले आईवडील आता अलास्काची सफर करून येतात. आठवडाभर जहाज, मग मोटारीने किंवा आगगाडीने देनालीपर्यंतचा रस्ता, आणि पुढे एखाद्या दिवाळी अंकात लेख. असे लेख एकापाठोपाठ एक वाचले की त्यांचा साचा दिसू लागतो. जहाजावरील भोजनाची यादी सविस्तर असते. हिमनदीचा कडा समुद्रात कोसळतो आणि प्रवासी टाळ्या वाजवतात. त्यानंतर 'अवर्णनीय' हा शब्द येतो आणि लेखक वर्णनाच्या जबाबदारीतून मोकळा होतो. प्रदेशाला 'निर्मनुष्य' म्हटले की तेथील माणसांची चौकशी करण्याचेही कारण उरत नाही. हा दोष भाषेचा नाही, पाहण्याचा आहे. म्हणूनच याच प्रदेशावरील दोन जुन्या पुस्तकांकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधावेसे वाटते.

दोन्ही पुस्तके १९१५ साली निघाली आणि दोहोंत एकच प्रवास आहे. जॉन म्यूर हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला निसर्गाभ्यासक. कडक शिस्तीच्या बापाच्या धाकाने त्याने लहानपणीच संपूर्ण नवा करार आणि जुन्या कराराचाही मोठा भाग मुखोद्गत केला होता. सॅम्युएल हॉल यंग हे प्रेस्बिटेरियन मिशनरी. १८५२ साली कोल्हापुरात आलेले रॉयल वाइल्डर आणि त्यांच्या मागून या भागात आलेले अमेरिकन मिशनरी आपल्या परिसरास परिचित आहेत. यंगसाहेब त्याच घडणीचे, मात्र त्यांच्या वाट्याला उत्तरेचे रँगल हे बंदर आले. १८७९ च्या उन्हाळ्यात म्यूर आगबोटीने तेथे उतरला आणि दोघांची गाठ पडली.

ऑक्टोबरात ते त्लिंगित लोकांच्या लांब होडीतून उत्तरेस निघाले. तोयाट्टे हा वयस्क सरदार होडीचा तांडेल. काडाचान, जॉन आणि चार्ली हे तिघे सोबती. म्यूरला हिमनद्या पाहावयाच्या होत्या, यंगना गावोगावच्या लोकांना भेटून सुवार्ता सांगावयाची होती. होडी एक, हेतू दोन. म्यूरचे 'ट्रॅव्हल्स इन अलास्का' आणि यंगांचे 'अलास्का डेज विथ जॉन म्यूर' शेजारी ठेवून वाचले असता हा भेद पानोपानी जाणवतो.

सर्वांत बोलका प्रसंग रविवारचा आहे. ज्या उपसागराला पुढे ग्लेशियर बे हे नाव मिळाले, तेथे हवा अत्यंत वाईट होती. यंगना प्रभुवार पाळून तळावर थांबावयाचे होते, आणि अशा पावसापाण्यात बाहेर पडण्याची होडीवाल्यांचीही इच्छा नव्हती. म्यूर एकटाच डोंगर चढून गेला आणि ढग क्षणभर वर सरकले तेव्हा त्या हिमनद्यांचे विस्तीर्ण दर्शन त्याला घडले. दोघांपैकी रविवार कोणी पाळला, असा प्रश्न आपल्या वाचकाच्या मनात उभा राहणे साहजिक आहे. म्यूरच्या गद्यातील आनंद स्तोत्रकाराच्या जातीचा आहे, यात शंका नाही. तरीही प्रस्तुत लेखकास यंगांचे थांबणे कमी प्रतीचे वाटत नाही. थंडीने गारठलेली चार माणसे मागे होती आणि त्यांच्याजवळ कोणी तरी असणे आवश्यक होते.

मात्र म्यूरला माणसे दिसतच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्लिंगित आईबाप मुलांना किती मायेने वागवतात, हे तो कौतुकाने नोंदवतो. होडीवाल्यांचा धीर खचला तो प्रसंगही त्यानेच दिला आहे. अशा वादळात हा माणूस डोंगरावर काय शोधतो, असे तोयाट्टेने विचारले. ज्ञान शोधतो, असे उत्तर यंगांनी दिले. त्यावर, असल्या जागी ज्ञान शोधणारा चेटक्याच असला पाहिजे, असा अभिप्राय त्या वृद्धाने दिला. स्वतःवरचा हा विनोद म्यूरने गाळला नाही. त्यामुळे होडीतील माणसे वल्ही मारणारे हात न राहता स्वतंत्र बुद्धीची माणसे ठरतात.

उलट यंग मिशनरी असूनही त्यांच्या पुस्तकाचा नायक म्यूरच आहे. ग्लेनोराच्या शिखराजवळ यंग घसरले, दोन्ही खांदे निखळले आणि खाली हिमनदी होती. म्यूरने त्यांची कॉलर दातांत धरून त्यांना वर ओढले, अशी हकिगत ते एक संपूर्ण प्रकरण खर्चून सांगतात. म्यूर मात्र ही घटना थोडक्यात आटोपतो. एका मासिकात तिचे भडक, विपर्यस्त वर्णन आले नसते तर आपण तिचा उल्लेखही केला नसता, असे तो म्हणतो. वाचवलेला बोलतो आणि वाचवणारा गप्प राहतो, हे वाचकाला दोन्ही पुस्तके हाती असल्यावरच कळते.

दोघांच्याही लिखाणात एक उणीव राहते. ज्याला 'रान' म्हटले ते हूना त्लिंगितांचे घर होते. तेथे भेटलेले सीलचे शिकारी त्याच लोकांपैकी. पूर्वी हिमनदी पुढे सरकली आणि तिने आपली गावे गिळली, अशी त्यांची परंपरागत आठवण आहे. १७९४ मध्ये व्हँकुव्हरच्या मोहिमेला हा उपसागर जवळजवळ बर्फाने भरलेला आढळला होता, आणि म्यूर आला तेव्हा तेथे कित्येक मैल खुले पाणी झाले होते. म्यूरला या बदलात निसर्गाचा इतिहास वाचता आला, माणसांच्या विस्थापनाचा इतिहास त्याने तितका वाचला नाही. २०१६ साली या उपसागराच्या काठी हूना लोकांचे सामुदायिक घर पुन्हा उभे राहिले. आज तेथे जाणाऱ्या मराठी प्रवाशाने हिमनदीच्या छायाचित्रासोबत त्या घराविषयीही चार ओळी लिहिल्या तर त्याचा लेख एकदम वेगळ्या पातळीवर जाईल.

तोयाट्टेचा अंत दुःखद झाला. या प्रवासानंतर काही महिन्यांतच, १८८० च्या जानेवारीत, दारूपायी उसळलेल्या एका भांडणात त्याला गोळी लागली. त्या मृत्यूच्या कथनात यंगांचे गद्य म्यूरच्या तोडीचे होते. आपला माणूस गेला, ही जाणीव त्यात आहे.

आपल्या धर्मग्रामांतील वाचकांसाठी आणखी एक पुस्तक सुचवतो. येशूसंघीय फादर विल्यम जज १८९० मध्ये अलास्कात गेले. क्लोंडाइक नदीकाठी सोने सापडल्यावर माणसांची रीघ लागली, तेव्हा १८९७ मध्ये कुत्र्यांच्या घसरगाडीने ते डॉसनला पोहोचले. तेथे त्यांनी दवाखाना आणि चर्च उभारले. पुढच्याच वर्षी ते चर्च जळाले आणि पुन्हा बांधावे लागले. १६ जानेवारी १८९९ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्यांची पत्रे त्यांचे धर्मगुरू असलेले बंधू चार्ल्स यांनी १९०४ मध्ये पुस्तकरूपाने काढली. वाङ्मय म्हणून ती म्यूरच्या जवळपासही जात नाहीत. पण त्यांतले उत्तरेचे रान रुग्णांनी भरलेले आहे. आठ हजार मैलांवरून आलेला कोणी स्कर्व्हीने, कोणी विषमज्वराने खाटेवर पडलेला आहे, आणि चुलीसाठी लाकूड पुरेल की नाही याची काळजी पत्र लिहिणाऱ्याला आहे.