तुरुंग कोणाचा होता?

नांदेड-लातूरकडचे मुक्तिसंग्रामावरील गौरवलेखन वाचताना मला एक उणीव जाणवते. रझाकारांचे अत्याचार त्यात सविस्तर येतात, तुरुंग ओझरता येतो. कासिम रझवी लातूरचा वकील, त्यामुळे खलनायक आयताच सापडतो. पण तुरुंग निजाम सरकारचे होते. स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी घातली सरकारने. १९३८चे सत्याग्रही डांबले तेही सरकारनेच. स्वामी रामानंद तीर्थांना ऑगस्ट १९४७मध्ये अटक झाली. मधली थोडी सुटका सोडली, तर पोलीस कारवाईपर्यंत ते कैदेतच होते.

तुरुंग गाळला की राजवट सुटते आणि आरोपी म्हणून उरतो फक्त धर्म. मग रझाकारांनी ऑगस्ट १९४८मध्ये मारलेले ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान या कथेत बसत नाहीत. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी सुंदरलाल समितीने केली. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिने नांदेड आणि उस्मानाबाद गणले. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. हे प्रकरणही गौरवलेखनात नसते.

कैद्यांच्या सुटकेची मागणी राज्यकर्त्याकडे करावी लागते. ती विसरणारे लेखन हिशेब शेजाऱ्याकडे मागू लागते.