वन, क्षेत्र आणि माळ : सोन्थायमर ह्यांच्या विवेचनाचें परीक्षण

धनगरांच्या दैवतांवरील गुंथर सोन्थायमर ह्यांचा ग्रंथ 1976 सालीं जर्मन भाषेंत व 1989 सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाला. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा ह्यांच्या कथा आणि ओव्या धनगरांच्या तोंडून टिपून, संस्कृत ग्रंथांच्या जोडीनें त्यांस प्रमाण मानणारा अभ्यासक विरळा. हा उपकार स्मरूनच त्यांच्या एका सिद्धांताचा येथें विचार करावयाचा आहे; कारण कोरडवाहू प्रदेशाच्या पुनरुज्जीवनाचे जे प्रयत्न आज चालले आहेत, त्यांतही तीच उणीव आढळते.

1987 सालच्या एका निबंधांत सोन्थायमर 'वन' आणि 'क्षेत्र' अशी जोडी मांडतात. नांगराखालचा, देवालयांचा व स्थिर वस्तीचा प्रदेश तें क्षेत्र. त्याबाहेरचा, शिकारी, वन्य जमाती व पशुपालक ह्यांचा प्रदेश तें वन. म्हाळसा ही क्षेत्राची व बाणाई ही वनाची, हा खंडोबाच्या दोन पत्न्यांचा अर्थ ह्या जोडीनें चांगला उलगडतो. दैवतांच्या इतिहासास ती उपयोगी खरी. पण भूमीचें वर्गीकरण म्हणून अपुरी आहे. मेंढपाळांचीं कुरणें तींत वनांतच लोटलीं जातात.

संस्कृत शास्त्रकारांनीं दोन नव्हे, तीन प्रकार मानले आहेत. कौटिल्य 'भूमिच्छिद्रविधान' ह्या प्रकरणांत नांगरास अयोग्य अशा भूमीवर प्रथम जनावरांसाठीं 'विवीत', म्हणजे कुरणें, राखावयास सांगतो. मृगवन व हस्तिवन ह्यांचा विचार त्यानंतर येतो. विवीताचा अध्यक्षही त्यानें निराळा नेमला आहे. मनु व याज्ञवल्क्य गांवाभोवतीं चराईसाठीं मोकळी भूमि सोडावयास सांगतात. वैद्यकांत थोडीं झाडें, थोडें पाणी व मोकळें आकाश असलेल्या देशास 'जांगल' म्हटलें असून तो आरोग्यकारक म्हणून वाखाणला आहे. त्याच शब्दापासून आलेल्या 'जंगल' शब्दाचा अर्थ पुढें घनदाट रान असा उलटा झाला, हें फ्रान्सिस झिमरमान ह्यांनीं 1982 सालच्या ग्रंथांत सविस्तर दाखविलें आहे.

मराठींत ह्या तिसऱ्या प्रकारास 'माळ' हा नेमका शब्द आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील फलटण, माण, सांगोला ह्या भागांत कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल हीं गवतें जेथें वाढतात तो माळ. पावसाळा सरल्यावर धनगरांचे वाडे कोंकणाकडे उतरतात, शेतांत मेंढ्या बसवून खत देतात आणि पावसाच्या आरंभीं माळावर परततात. हा व्यवहार वनाचा नव्हे व क्षेत्राचाही नव्हे. दोहोंना जोडणारा आहे.

इंग्रजी अमलांत महसुली दप्तरानें सारा न देणारी भूमि 'पडीक' ठरविली, आणि माळाचें स्वतंत्र अस्तित्व कागदावरून पुसट झालें. ती दृष्टि अद्याप गेली नाहीं. केंद्र सरकारच्या 2019 सालच्या पडीक भूमीच्या नकाशासंग्रहांत 2015-16 ची अशी भूमि देशाच्या 16.96 टक्के, म्हणजे सुमारें 5.57 लाख चौरस किलोमीटर, दाखविली असून झुडुपी मोकळी भूमिही तींत मोडते. पडीक म्हटलें कीं झाडें लावण्याची घाई होते. गिरिपुष्पाच्या दाट सावलींत माळाचें गवत मरतें, लागवडीभोवतीं कुंपण पडतें व मेंढ्यांची वाट बंद होते. वास्तविक गवताळ भूमीचा कर्ब बहुतांशीं जमिनीखालीं सुरक्षित असतो.

एकाच जागीं मेंढ्या कोंडल्यास माळ उजाड होतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु वाटा बंद केल्यानेंच त्या कोंडल्या जातात, हेंही तितकेंच खरें. डिसेंबर 2021 मध्यें जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागांत अवकाळी पाऊस व थंडी ह्यांनीं शेकडों मेंढ्या दगावल्या. ऋतुमान असें बिघडत असतां स्थलांतर हेंच मेंढपाळाचें मुख्य संरक्षण होय. 2006 सालच्या वनहक्क कायद्यानें पशुपालकांची हंगामी चराई मान्य केली. पण अनुसूचित जमातींत नसलेल्या अर्जदारास तीन पिढ्यांचा वननिवास सिद्ध करावा लागतो. जो ऋतूबरोबर चालतो त्याच्याकडे निवासाचा दाखला मागणें, हा वन-क्षेत्र ह्या द्वैताचाच कायदेशीर अवतार आहे.

संयुक्त राष्ट्रांनीं 2022 सालीं ठराव करून 2026 हें वर्ष कुरणें व पशुपालक ह्यांस वाहिलें. इतिहास संशोधकांस त्यांत करण्याजोगें काम आहे. दप्तरें छापतांना कुरण, गायरान, माळ, वनचराई ह्या नोंदींस सरसकट 'पडीक' असा अर्थ न देतां त्या गांववार वेगळ्या काढाव्या. पुनरुज्जीवन कशाचें करावयाचें, हें त्यांतून कळेल. आणि ज्यांच्या हक्कास आज कागद मागितला जातो, त्यांच्या हातीं कदाचित् तो कागदही पडेल.