तोरणा आणि कारी

शिवकालावरील आमचें ललित वाङ्मय वाचीत असतां एक गोष्ट वारंवार नजरेस येते. लेखक तोरण्यावर मोठ्या उत्साहानें चढतो, पण पुढें खालीं उतरावयास तयार नसतो. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाला’चें ऋण आम्ही मानतों; परंतु त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनीं पहांटेलाच मध्यान्ह समजावें, ही आमची तक्रार आहे.

वेल्ह्याचा तोरणा १६४६ च्या सुमारास हातीं आला, तेथें द्रव्य सांपडलें आणि त्यांतून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पण विजापूरच्या दृष्टीनें मावळ हा सरहद्दीचा, डोंगराळ मुलूख. तेथें एखादा गड बळकावणें हें बंड झालें; बंड म्हणजे राज्य नव्हे. रायरेश्वराच्या शपथेचेंही असेंच. तिचा आधार मानलें जाणारें १६४५ चें पत्र अस्सल कीं बनावट, याविषयीं संशोधकांत मतभेद आहेत. कादंबरीकारानें तो प्रसंग खुशाल रंगवावा. इमारतीचा पाया मात्र त्यावर घालूं नये.

खरा कसोटीचा प्रसंग १६५९ चा. अफजलखान चालून आला, तेव्हां देशमुखांनीं त्यास मिळावें अशीं फर्मानें सुटलीं. खंडोजी खोपडे खानाकडे गेला. भोरजवळच्या कारीचे कान्होजी जेधे पांच पुत्रांसह महाराजांकडे आले आणि त्यांनीं वतनावर पाणी सोडलें, असें जेधे करीन्यांत आहे. करीना हा घराण्याचाच कागद. त्यांत स्वकुलाची थोरवी असावयाचीच. परंतु कान्होजींस आलेलें आदिलशाही फर्मान उपलब्ध आहे. त्यावरून त्यांच्यावरील दाब खोटा नव्हता, हें दिसतें. ज्या काळीं वतनासाठीं भाऊ भावाचा जीव घेई, त्या काळीं हें पाणी तलवारीहून जड होतें.

पुढील पायरी सभासदानें नोंदली आहे, आणि नेमकीं तींच पानें आमचे लेखक उलटून टाकतात. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तिघे अधिकारी, म्हणजे एकाच्या फितुरीनें गड जाऊं नये. देशमुखांचे कोट पाडावे, त्यांचा हक्क बांधून द्यावा, म्हणजे रयत नागवली जाऊं नये. हें रुक्ष वाटतें, पण बंडाचें राज्य येथेंच झालें. म्हणूनच १६६५ च्या पुरंदरच्या तहांत २३ किल्ले गेले तरी उरलेल्या १२ किल्ल्यांवर तें तगलें. अभिषेकाचें पाणी १६७४ सालीं रायगडावर पडलें. त्याआधीं पंधरा वर्षें कारीच्या जेध्यांचें पाणी पडलें होतें.

आणि शोकांतिका हवी असेल, तर तीही याच मुलखांत आहे. मोगलांशीं झुंजतांना राजारामाच्या काळांत माणसें टिकविण्यासाठीं पुन्हा वतनें द्यावीं लागलीं. सचिव शंकराजी नारायण यांच्या वंशाकडे भोर राहिलें, आणि तें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. ज्या खोऱ्यांत वतनावर पाणी सोडलें गेलें, तेथेंच वतनाचें संस्थान व्हावें, यापरता कादंबरीस विषय कोणता? राज्य मिळविणाऱ्यास कांहीं सोडावें लागतें; तें सोडलेलें पुन्हा हातीं घेण्याचा मोह सुटत नाहीं. तोरण्यावरून हें दिसत नाहीं. त्यासाठीं लेखकानें कारीस उतरलें पाहिजे.