छोट्या मैफलीतली टाळी

आज एका लहान गोष्टीवर बोलायचं आहे, ती म्हणजे टाळी.

आपल्या शहरांमध्ये साठ-सत्तर माणसं जेमतेम मावतील अशा खोल्यांत तरुण मुलंमुली स्वतः लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली गाणी वाजवतात. मागे सिनेमा नाही, रेकॉर्ड कंपनी नाही. म्हणून याला 'इंडी' म्हणतात. या कार्यक्रमांविषयी मराठीत समीक्षा फारशी होत नाही. कौतुक मात्र भरपूर होतं. आणि माझं म्हणणं असं आहे, की हे सरसकट कौतुकच या गाण्यांना वाढू देत नाही.

असं का झालं, ते आधी पाहू. मुंबईत धोबी तलावला रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. रॉक ऐकणाऱ्या दोन पिढ्या तिथे घडल्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र ठरलं आणि २००३ मध्ये रंगभवनातले कार्यक्रम थांबले. खुल्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावायचा नाही, हाही त्यातलाच नियम. एकेकाळी रात्रभर रंगणारा पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सवही त्यामुळे आटोपता झाला. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. रुग्णाला झोप हवीच. पण त्याचा एक परिणाम झाला. संगीत बंद खोलीत गेलं, आणि शहरात बंद खोलीचं भाडं निघतं ते खाण्यापिण्यातून.

मुंबईत लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं. आवाजाची व्यवस्था उत्तम, स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांना मानाची जागा. २०१६ मध्ये तेही मुंबईतून गेलं. इतक्या नावाजलेल्या जागेची ही गत, तर लहान जागांचं काय सांगावं! तिथे मालक बँडला पहिला प्रश्न विचारतो, "माणसं किती आणाल?" मग बँड माणसं आणतो. कोण येतं? कॉलेजचे मित्र, ऑफिसातले सहकारी, आधीच्या शनिवारी वाजवलेला दुसरा बँड. म्हणजे श्रोते नव्हे, वऱ्हाडी! (हशा) आणि वऱ्हाडी जेवणाला नावं ठेवत नाहीत, निदान समोर तरी नाही.

पुण्यातल्या अशाच एका रात्रीचं सांगतो. नावं मुद्दाम घेत नाही. तीन बँड होते. पहिला वाजत होता तेव्हा निम्मी खोली गप्पांत होती. दुसऱ्यात चौघं. ड्रम आणि बास पक्के, सरावाची मेहनत दिसत होती. त्यांनी एक मराठी गाणं घेतलं. गाव सोडून आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचं गाणं. विषय खरा, सूर खरा. पण चालीचा सगळा भार पडला 'घर' या शब्दावर, तोही 'घ'वर. चार मात्रा लांबवल्यावर ऐकू काय आलं? 'घार'! मुलगा घरासाठी व्याकूळ झालाय आणि आपल्या डोळ्यांसमोर आभाळात घार फिरते आहे.

आता कुणी म्हणेल, ख्यालातही शब्द ताणतातच. बरोबर आहे. पण तिथे शब्द निमित्तमात्र असतो, रागासाठी आलेला. इथे गाणं शब्दावरच उभं आहे. चाल आधी इंग्रजी गाण्याच्या वळणाने सुचली आणि मराठी शब्द नंतर तिच्यात कोंबले, की हे होतं. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाला किंमत आहे. लावणी आणि पोवाडा रचणाऱ्यांना ती नेमकी ठाऊक होती. यावर 'मराठी या संगीतात बसतच नाही' असं म्हणणं हा आळस झाला. क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या 'तांबडी चामडी'ने २०२४ मध्ये मराठी शब्द थेट नाचाच्या ठेक्यावर बसवून दाखवले.

दुसऱ्या कडव्यात ड्रम थांबले. नुसती गिटार आणि आवाज उरला. तिथे मात्र गाणं अचानक उघडं झालं, शब्द आपल्या जागी बसले. त्या रात्रीचा सर्वांत चांगला एक मिनिट तो होता. आणि नेमकी तेव्हाच मागे कुणीतरी शिट्टी मारली. गाणं संपल्यावर टाळी पडली ती पहिल्या बँडला पडली होती तेवढीच आणि तशीच. म्हणजे त्या मुलांना कळलंच नाही, की कुठे गाणं फसलं आणि कुठे जमलं.

आपल्या बैठकीत दाद हा निवाडा असायचा. समेवर नेमकं आलं की 'वा', नाही आलं तर गप्प. ती शांतता गवय्याला ऐकू जायची. नाट्यसंगीतात 'वन्स मोअर' मिळे, आणि न मिळणं हेही उत्तरच असे. जुन्या बैठकीचे गोडवे मात्र मी गाणार नाही. तिचं दार किती जणांना बंद होतं, हे आपल्याला माहीत आहे. आजच्या या खोलीचं दार त्या मानाने उघडं आहे. दार उघडं आणि कान बंद, असं होऊ नये एवढंच.

मला नेहमी विचारतात, "सर, पोरं पदरचे पैसे घालून वाजवतात, त्यांच्यावर कशाला टीका?" अहो, पदरचे पैसे घालतात म्हणूनच! मोठ्या मंचावर फसलेलं गाणं महागात पडतं. साठ माणसांसमोर ते फसणं स्वस्त आहे. फसायचं, दुरुस्त करायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा वाजवायचं, याचसाठी तर ही लहान जागा आहे. फसलेलं कुणी सांगितलंच नाही, तर तिचा उपयोग काय?

म्हणून विनंती एवढीच. पहिल्या बँडच्या वेळेला पोहोचा. तिकीट काढा, ओळखीवर आत जाऊ नका. गाणं चालू असताना शब्द ऐका. टाळी जिथे उमटेल तिथेच वाजवा. आणि नंतर त्या मुलाला बाजूला घेऊन सांगा, "दुसरं कडवं फार छान होतं रे. पहिल्यातलं 'घर' तेवढं बघ."