मंदाकिनी फाळके : मूकपटातील बालकृष्ण

मराठी चित्रपटाच्या इतिहासात मंदाकिनी फाळके हिचा निर्देश बहुधा एका वाक्यात आटोपतो : दादासाहेब फाळके यांची कन्या आणि ‘कालिया मर्दन’मधील बालकृष्ण. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) या दोन मूकपटांवर तिची कीर्ती उभी आहे. पहिल्याचे काही तुकडेच आज उपलब्ध आहेत. दुसऱ्याचा बराचसा भाग टिकला आहे. तेव्हा तिच्या अभिनयाचे मूल्यमापन ऐकीव गौरवावर न सोपविता प्रत्यक्ष चित्रपटावरून करता येते, आणि ते तसेच व्हावयास हवे.

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती, तर रोहिताश्व फाळक्यांचाच पुत्र भालचंद्र होता. घरच्या मुलांना कॅमेऱ्यापुढे उभे करण्यात आरंभी गरजेचा भाग होताच. परंतु पुरुषाने राणी व्हावे लागलेल्या त्याच पडद्यावर सहा वर्षांनी एका मुलीने देवाची भूमिका केली, तिचा उलगडा केवळ सोयीने होत नाही. दुसरा नट मिळत नसता तर गरज एवढेच कारण पुरे झाले असते. फाळके मात्र या मुलीचे कौशल्य मुद्दाम प्रेक्षकांपुढे मांडतात.

‘कालिया मर्दन’चा प्रारंभ याची साक्ष देतो. कथेपूर्वी पडद्यावर येते ती सुमारे सात वर्षांची मंदाकिनी, तिच्या स्वतःच्या रूपात. समीपदृश्यांतून ती एकामागून एक निरनिराळे भाव मुद्रेवर दाखविते; नंतर तोच चेहरा वेषधारी कृष्णाच्या चेहऱ्यात विलीन होतो. पौराणिक चित्रपटाच्या दृष्टीने हे धाडसच म्हणावयाचे. ज्या मूर्तीपुढे प्रेक्षकाने हात जोडावयाचे, ती घडते कशी हे त्याला आधीच दाखविले आहे. मुलगी आणि देव यांतील अंतर लपविलेले नाही. ते अंतर अभिनयाने ओलांडले जाते, एवढे मात्र ठासून सांगितले आहे.

तथापि या मुद्राभिनयालाच तिच्या कर्तृत्वाचा कळस मानणे योग्य होणार नाही. तेथे भाव सुटे आहेत. त्यांना प्रसंगाचे कारण नाही. तिचे खरे सामर्थ्य प्रकट होते ते गोकुळातील खोड्यांत. रात्री शिरून निजलेल्या पतीची दाढी पत्नीच्या केसांना बांधण्याच्या प्रसंगात हालचालींची चपळाई आणि खोडी साधल्याचा आनंद ही एकाच देहातून सहज व्यक्त होतात. उलट कालियाशी झुंजीच्या प्रसंगात उत्कंठेचा भार मुख्यतः संकलनावर पडला आहे. पाण्याखालील झुंज आणि काठावरील व्याकुळ गोकुळ आलटून पालटून दिसते, व बालनटीच्या मुद्रेला फारसा अवसर उरत नाही. म्हणून चित्रपटाचे नाव ज्या प्रसंगावरून पडले, तो तिच्या अभिनयाचा सर्वोत्तम प्रसंग ठरत नाही.

भाषेचा प्रश्नही येथे विचारात घ्यावा लागतो. फाळक्यांच्या मूकपटांत मजकुराच्या पाट्या इंग्रजी व हिंदी अशा दोन भाषांत येत. मराठी घरातील ही मुलगी त्यामुळे दोन्ही भाषांतील प्रेक्षकांपर्यंत पोहोचली, आणि त्यासाठी तिला त्यांपैकी एकीही भाषा पडद्यावर बोलावी लागली नाही. १९३१ नंतर बोलपट आला आणि ही सवलत संपली. ‘प्रभात’चा ‘रामशास्त्री’ (१९४४) मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. त्यातील बेबी शकुंतलेच्या पिढीला उच्चाराची कसोटी टळली नाही. मंदाकिनीची कसोटी निराळी होती. शब्दाचा आधार नसताना तिला प्रत्येक कृती निःसंदिग्ध ठेवावी लागली, आणि गोकुळातील प्रसंगांत ती तशी राहिली आहे.

‘कालिया मर्दन’नंतर लवकरच फाळके कंपनीतून बाहेर पडून काशीस गेले. कन्येची ही कारकीर्द अल्प ठरली. तिच्यावरून मोठे सिद्धांत उभारणे धोक्याचे. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, भारतीय चित्रपटाच्या पहिल्या दशकात बालकाकडे नट म्हणून पाहण्याची दृष्टी या चित्रपटात स्पष्टपणे व्यक्त झाली आहे. तिचे श्रेय पित्याच्या योजकतेला जितके आहे, तितकेच ती योजना पेलणाऱ्या मुलीलाही आहे. ‘फाळक्यांची कन्या’ या उल्लेखात हे दुसरे श्रेय आजवर बुडून गेले आहे. इतिहासकाराने ते स्वतंत्रपणे नोंदविणे न्यायाचे होईल.